भार जरा बाजूला सरकला तर खांब का वाकतो?

शेड कोसळली, जाहिरातीचा फलक आडवा झाला, मचाण खाली आलं की बातमीसोबत वाकलेल्या खांबाचा फोटो येतो. पहिला संशय लोखंडावर जातो: माल हलका असणार, जाडी कमी असणार. कधी तसं असतंही. पण पोलाद अस्सल, वेल्डिंग चोख, आणि खांबावरचा भार त्याला चिरडून टाकणाऱ्या भाराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असतानाही खांब हातचा जाऊ शकतो. त्यासाठी दोनच गोष्टी जुळून याव्या लागतात. खांब उंचीच्या मानाने बारीक असावा आणि भार त्याच्या मधोमध न येता थोडा बाजूला यावा.

चिरडणं वेगळं, बाक येणं वेगळं

पोलादाचा बुटका ठोकळा दाबला तर तो शेवटी त्याच्या ताकदीमुळेच हरतो. साध्या बांधकामी पोलादाची ताकद २५० मेगापास्कल धरतात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन. दर चौरस मिलिमीटरवर येणाऱ्या या जोराला प्रतिबल म्हणतात. २५० ही मर्यादा ओलांडली की पोलाद कायमचं दबतं किंवा ताणलं जातं, पूर्ववत होत नाही.

उंच आणि बारीक खांब मात्र तिथपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच तो मधून बाजूला फुगतो. याला बकलिंग म्हणतात. सरळ खांबाला किती भार झाला की तो सरळ राहूच शकत नाही, याचं सूत्र लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये मांडलं. म्हणून त्या भाराला ऑयलर भार म्हणतात. तो तीन गोष्टींवर ठरतो: पोलाद किती ताठ आहे, छेदातला (खांब आडवा कापला तर दिसणाऱ्या आकारातला) माल मध्यापासून किती दूर पसरला आहे, आणि खांबाची लांबी. लांबीचा परिणाम वर्गाने होतो. लांबी दुप्पट झाली की ऑयलर भार चौथ्या हिश्श्यावर येतो.

खांब बारीक आहे की नाही, हे नुसतं डोळ्यांनी ठरवत नाहीत. प्रभावी लांबीला (टोकं कशी धरली आहेत ते पाहून ठरणाऱ्या लांबीला, ती पुढे येईल) छेदाच्या परिभ्रमण त्रिज्येने भागतात. ही त्रिज्या म्हणजे माल मध्यापासून सरासरी किती दूर आहे याचं माप. उत्तराला स्लेंडरनेस रेशो म्हणतात. २५० मेगापास्कलच्या पोलादासाठी तो ८९ च्या आसपास असला की चिरडण्याचा भार आणि ऑयलर भार सारखेच निघतात. त्यापुढे बकलिंगचं राज्य. १८० ते २०० च्या पुढे मुख्य खांब नेऊच नये, असं अनेक संहिता, म्हणजे बांधकामाच्या नियमांची पुस्तकं, सांगतात.

भार मध्यातून येत नाही, मग येतो कुठून?

भाराची रेषा आणि खांबाची मध्यरेषा यांच्यातल्या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. नकाशावर ती बहुधा शून्य दिसते, कारण नकाशात बीमची रेघ खांबाच्या रेघेला मध्यावर मिळते. प्रत्यक्षात बीम टेकतो खांबाच्या बाहेरच्या अंगाला जोडलेल्या ब्रॅकेटवर किंवा क्लीटवर (जोडणीच्या छोट्या तुकड्यावर). म्हणजे खांबाची अर्धी रुंदी अधिक टेकण्याच्या जागेचा मध्य, एवढी उत्केंद्रता जोडणीतच आली. ब्रिटनमधल्या जुन्या बीएस ५९५० संहितेत साध्या जोडणीसाठी भार खांबाच्या अंगापासून निदान १०० मिमी बाहेर आहे असं धरायला सांगितलं होतं. हे वाचून अनेकांना धक्का बसतो, पण नियम अगदी रास्त आहे.

याशिवाय खांब मुळातच पूर्ण सरळ नसतो. कारखान्यातून येणाऱ्या खांबात लांबीच्या हजाराव्या भागाइतका बाक सहसा चालवून घेतात. चार मीटरच्या खांबात तो चार मिमी होतो. उभारताना ओळंब्यात पाचशेस एक एवढा फरक राहू शकतो, म्हणजे आठ मिमी. भिंतीत बसवलेली खिडकी एका बाजूला ढकलत असेल, पावसाचा पाइप आणि पाण्याची टाकी नंतर एका अंगाला लटकवली असेल, तर तीही भर पडते. बांधून झाल्यावर पडलेली ही भर कुठल्याच नकाशात नसते.

बाकावर बाक: चक्रवाढीचा हिशोब

भार बाजूला सरकला की खांबावर दाबाबरोबर वाकवणारा जोरही येतो. त्याला मोमेंट म्हणतात: भार गुणिले उत्केंद्रता. इथवर सगळ्यांना कळतं. चूक पुढे होते.

मोमेंटमुळे खांब थोडा वाकला. वाकल्यामुळे त्याचा मध्य भाराच्या रेषेपासून आणखी दूर गेला. म्हणजे मध्यावरची उत्केंद्रता वाढली, मोमेंट वाढला, खांब आणखी वाकला. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, आणि व्याजाचा दर काढता येतो: खांबावरचा भार भागिले ऑयलर भार. भार ऑयलरच्या २८ टक्के असेल तर पहिल्या बाकावर २८ टक्के भर, त्या भरीवर पुन्हा २८ टक्के, असं चालू राहतं. दर शंभर टक्क्यांहून कमी असल्यामुळे ही बेरीज कुठेतरी थांबते. १ भागिले (१ वजा दर) एवढ्या पटीवर. २८ टक्क्यांना ती सुमारे १.३९ पट होते. ५० टक्क्यांना दुप्पट. ८० टक्क्यांना पाचपट.

शेवटचे दोन आकडे पाहिले की पुढचा सगळा विषय उलगडतो. भार थोडा वाढला तरी बाक भरमसाट वाढतो, आणि सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटत राहतं.

एक खांब हिशोबाला घेऊ

१०० × १०० मिमीचा, ५ मिमी जाडीचा चौकोनी पोकळ पाइप. उंची चार मीटर, दोन्ही टोकं बिजागरीसारखी, म्हणजे फिरू शकतील पण सरकणार नाहीत अशी. आकडेमोड सोपी राहावी म्हणून कोपरे काटकोनी धरले आहेत. खऱ्या पाइपाचे कोपरे गोल असल्याने त्याचे आकडे थोडे कमी भरतात.

छेदाचं क्षेत्रफळ १९०० चौरस मिमी, परिभ्रमण त्रिज्या ३८.८ मिमी, स्लेंडरनेस रेशो १०३. चिरडण्याचा भार ४७५ किलोन्यूटन. ऑयलर भार ३५४ किलोन्यूटन. (१०० किलोन्यूटन म्हणजे साधारण १० टनांचं वजन.)

आता या खांबावर सुरक्षागुणकासह १०० किलोन्यूटन भार आहे आणि तो वर-खाली दोन्ही टोकांना एकाच बाजूला १०० मिमी सरकलेला आहे असं समजू. घाईतला हिशोब असा होतो:

सरळ दाबाचं प्रतिबल १,००,००० भागिले १९००, म्हणजे ५३ मेगापास्कल. मोमेंट १० किलोन्यूटन-मीटर, त्याने येणारं प्रतिबल १७४ मेगापास्कल. बेरीज २२७. मर्यादा २५०. पास.

आता बाक मोजू. दहा किलोन्यूटन-मीटरच्या मोमेंटने खांबाचा मध्य ३५ मिमी बाहेर येतो. त्यावर व्याज चढतं: ३५ अधिक १० अधिक ३ अधिक १... एकूण ४९ मिमी. म्हणजे टोकाला १०० मिमी असलेली उत्केंद्रता मध्यावर १४९ मिमी झाली. वाकण्याचं प्रतिबल १७४ वरून २६० वर गेलं, आणि बेरीज ३१३. नापास, तीही थोडीथोडकी नव्हे.

या खांबाच्या बाहेरच्या कडेला पोलाद पहिल्यांदा हार मानतं ते ८४ किलोन्यूटनला. चिरडण्याच्या ४७५ शी ताडून पाहा. उत्केंद्रता १०० ऐवजी २० मिमी असती तर तोच खांब सुमारे १८५ किलोन्यूटनपर्यंत गेला असता. ब्रॅकेट बदलून उत्केंद्रता कमी करणं हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो, आणि तोच सगळ्यात शेवटी सुचतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन्ही टोकांना एकाच बाजूला सारखी उत्केंद्रता, ही सर्वांत वाईट अवस्था मी मुद्दाम घेतली. उत्केंद्रता फक्त वरच्या टोकाला असेल आणि खाली भार मधोमध पोचत असेल, तर मोमेंट वर सर्वाधिक आणि खाली शून्य असतो. बाक सर्वाधिक होतो मध्याजवळ, मोमेंट सर्वाधिक असतो टोकाला. दोघं एका जागी गाठत नाहीत. मग याच खांबात मोमेंटमधली वाढ जेमतेम अर्धा टक्का निघते. वर एका बाजूला आणि खाली विरुद्ध बाजूला सरकलेला भार तर खांबाला इंग्रजी ‘एस’सारखा वळवतो आणि आणखी सौम्य असतो. संहितांमध्ये यासाठी एक गुणक असतो. सर्वांत वाईट अवस्थेला तो १, एकाच टोकाला मोमेंट असेल तर ०.६. हा गुणक न वाचता सगळीकडे १ लावला तर खांब उगाच जड होतात. उलट चूक झाली तर काय होतं ते वर दिसलंच.

“पण सुरक्षागुणक असतो ना?”

असतो. प्रश्न तो कुठे लावला याचा आहे. याच खांबावर ५० किलोन्यूटन भार असताना कडेचं प्रतिबल १३१ मेगापास्कल येतं. भार दुप्पट केला की ते २६२ व्हायला हवं असं वाटतं. हिशोब ३१३ सांगतो. भार आणि प्रतिबल एका प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून ‘प्रतिबल मर्यादेच्या निम्मं आहे, म्हणजे दुप्पट भार चालेल’ हा तर्क बारीक खांबाला लागू पडत नाही. गुणक आधी भारावर लावायचा, मग त्या वाढलेल्या भाराने बाक आणि प्रतिबल काढायचं. आधी रोजच्या भाराने विश्लेषण करून शेवटी सगळ्याला दीडने गुणलं, तर व्याजाचा दर कमी धरला गेला. संगणकावर काम करतानाही ही चूक सर्रास होते, कारण प्रोग्रॅम तक्रार करत नाही.

“मग जास्त ताकदीचं पोलाद वापरू”

ऑयलर भारात पोलादाची ताकद येतच नाही, फक्त ताठपणा येतो. आणि ताठपणा सगळ्या बांधकामी पोलादाचा सारखाच: सुमारे दोन लाख मेगापास्कल. २५० च्या जागी ३५० चं पोलाद घेतलं तर ऑयलर भार ३५४ चा ३५४ च राहतो. बाकही तेवढाच.

फायदा अगदीच होत नाही असं नाही. उत्केंद्री भारात खांब कडेच्या प्रतिबलाने हरतो, त्यामुळे वरच्या उदाहरणात मर्यादा ८४ वरून १०८ किलोन्यूटनवर जाते. ताकद ४० टक्क्यांनी वाढवून २८ टक्के मिळाले. भार जितका मधोमध आणि खांब जितका बारीक, तितका हा फायदा आटत जातो.

“जाडी वाढवली की झालं”

कारखान्यात पहिली सूचना हीच येते. तोच १०० × १०० चा पाइप ६ मिमी जाडीचा घेतला तर पोलाद १९ टक्क्यांनी वाढतं आणि कडेचं प्रतिबल २५४ वर येतं. अजून नापासच.

त्याऐवजी १२५ × १२५ चा ४ मिमीचा पाइप घेऊन पाहू. पोलाद मूळ ५ मिमीच्या पाइपाहून फक्त दोन टक्के जास्त. खांब रुंद झाल्याने भार आणखी बाहेर गेला, उत्केंद्रता ११२.५ मिमी झाली. तरीही ऑयलर भार ५८३ किलोन्यूटन होतो आणि प्रतिबल २३८ वर थांबतं. माल मध्यापासून दूर नेला की तो जास्त कामाला येतो. संहितेतले बाकीचे गुणक लावल्यावर यातही थोडी भर घालावी लागेल, पण कुठल्या दिशेने जायचं ते स्पष्ट आहे.

याला मर्यादाही आहे. पाइप रुंद आणि पातळ करत गेलं की त्याची सपाट भिंतच सुरकुतते. म्हणून भिंतीची रुंदी आणि जाडी यांच्या प्रमाणावर संहिता बंधन घालतात. १२५ बाय ४ त्या बंधनात आरामात बसतो.

टोकं कशी धरली आहेत?

प्रभावी लांबी म्हणजे खांबाची प्रत्यक्ष उंची गुणिले टोकांवर अवलंबून असलेला एक आकडा. दोन्ही टोकं बिजागरीसारखी: १. दोन्ही पक्की: पुस्तकात ०.५, व्यवहारात ०.६५, कारण पूर्ण पक्कं टोक सहसा मिळत नाही. खाली पक्का आणि वर मोकळा, फलकाच्या खांबासारखा: २. या शेवटच्या आकड्याने ऑयलर भार चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून मोकळ्या माथ्याच्या खांबांशी खेळू नये.

‘पक्कं’ म्हणजे काय, यावर जागेवर बरीच ढिलाई चालते. चार अँकर बोल्ट खांबाच्या चार कोपऱ्यांबाहेर, जाड बेस प्लेट (खांबाच्या तळाची पट्टी), तिच्याखाली भरीव ग्राउट (सिमेंटचा भराव) आणि न फिरणारा पाया, एवढं असेल तर पक्कं म्हणता येईल. दोन बोल्ट मध्यरेषेवर आणि पातळ प्लेट, हे बिजागरीच. बेस प्लेटवरची उत्केंद्रता तिच्या लांबीच्या सहाव्या भागाहून जास्त झाली की एका बाजूचा दाब संपतो आणि भार वाढत गेला की बोल्ट ओढले जाऊ लागतात. प्लेट समतल करायचे लेव्हलिंगचे नट लावून ग्राउट भरायचं राहिलं, तर सगळा भार त्या बारीक बोल्टांवर उभा असतो.

सगळी चौकटच वाऱ्याने बाजूला झुकू शकत असेल तर आणखी एक चक्रवाढ सुरू होते. खांबाचा मध्य फुगणं वेगळं आणि खांबाचा माथा सरकणं वेगळं. माथा सरकला की वरचा सगळा भार पायाच्या मानाने बाजूला जातो. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा करावा लागतो, आणि कर्णासारखं ब्रेसिंग दिलं की दुसरा बहुतांशी मिटतो.

मध्ये आडवा आधार देऊन बाकाची लांबी निम्मी केली तर ऑयलर भार चौपट होतो. त्या आधारावर येणारा जोर खांबावरील भाराच्या एक-दोन टक्क्यांइतकाच असतो, म्हणून हलका अँगलही (एल आकाराची पट्टी) पुरतो. अट एवढीच की आधाराचं दुसरं टोक कुठेतरी न हलणाऱ्या गोष्टीला धरलेलं हवं. पाच खांब एका आडव्या पट्टीने एकमेकांना बांधले आणि पट्टी कुठेच अडकवली नाही, तर पाचही खांब मिळून एकाच बाजूला वाकतात.

आय-सेक्शन आणि एकटा अँगल

पोकळ पाइप दोन्ही दिशांना सारखा ताठ आणि पिळाला मजबूत असतो. आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी ‘आय’च्या छेदाचा खांब, एका दिशेला ताठ, दुसऱ्या दिशेला कितीतरी नरम. बीम त्याच्या फ्लँजला (कडेच्या रुंद पट्टीला) जोडलेला असेल तर मोमेंट ताठ दिशेला येतो, आणि खांब वाकतो आडव्या, नरम दिशेला, शिवाय पीळ घेत. ताठ दिशेचा हिशोब बरोबर आहे म्हणून निश्चिंत झालेला माणूस इथे फसतो. दोन्ही दिशा वेगळ्या तपासाव्या लागतात.

एका अंगाने गसेट प्लेटला (जोडणीच्या पत्र्याला) बोल्ट केलेला अँगल हा तर जन्मजात उत्केंद्री सदस्य (सांगाड्याचा भाग). त्याची सर्वांत नरम दिशा दोन्ही अंगांना तिरपी असते. सगळ्यात लहान परिभ्रमण त्रिज्या त्या तिरप्या अक्षाची घ्यायची. कोष्टकातून चुकीच्या रकान्यातली त्रिज्या उचलली की ताकद दुपटीहून जास्त दिसू शकते.

संहिता हे सगळं कसं मांडते

भारताची आयएस ८००, युरोपची युरोकोड ३, अमेरिकेची एआयएससी ३६०. तपशील वेगळे, गाभा एक. खांबाची नुसत्या दाबाची क्षमता काढा आणि भाराने तिचा किती वाटा खाल्ला ते पाहा. वाकण्याची क्षमता काढा आणि व्याजासह वाढवलेल्या मोमेंटने तिचा किती वाटा खाल्ला ते पाहा. दोन दिशांना मोमेंट असेल तर तिसरा वाटा. बेरीज १ च्या आत हवी.

नुसत्या दाबाची क्षमताही ऑयलरच्या आकड्याहून कमी धरतात, कारण खांबातला मूळचा बाक आणि तयार होताना आत अडकून राहिलेली प्रतिबलं. आपल्या १०० × १०० × ५ च्या पाइपाला ऑयलर ३५४ किलोन्यूटन देतो. युरोकोडच्या आलेखांनुसार पाइप गरम अवस्थेत घडवला असेल तर सुमारे २६४ आणि थंड पत्रा वाकवून केला असेल तर सुमारे २१६. बाहेरून दोन्ही पाइप जवळपास सारखेच दिसतात. खरेदीच्या कागदावर कुठला प्रकार लिहिला आहे, ते म्हणून वाचायचं.

बाक दिसला तर

कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा सांगाडा २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार मरण पावले. दाब घेणाऱ्या खालच्या सदस्यांचे भाग एकत्र बांधणारं लेसिंग कमकुवत होतं आणि पुलाचं स्वतःचं वजन कमी धरलं गेलं होतं. आधीच्या दिवसांत या सदस्यांना आलेला बाक मोजलाही गेला होता. तो वाढत होता, आणि हा बाक मुळापासूनचा की नवा, यावर पत्रव्यवहार चालू राहिला.

खांबात बाक दिसला तर दोरी ताणून मध्यावरचं अंतर मोजा, तारीख घाला, आणि पुन्हा मोजा. वाढ दिसली तर खांबाखाली उभं राहून चर्चा करायची नाही. शेजारी टेकू लावून भार उतरवायचा. भार असतानाच वाकलेल्या खांबावर पट्ट्या वेल्ड करणं धोक्याचं आहे. वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलाद तात्पुरतं नरम होतं, थंड होताना एका बाजूला आकसून बाक वाढवतं, आणि नवी पट्टी फक्त नंतर येणारा भार घेते. आधीचा सगळा जुन्या छेदावरच राहतो. आधी जॅकने भार काढायचा, खांब ओळंब्यात आणायचा, मग समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून, छोट्या टप्प्यांत वेल्ड मारायचे आणि शेवटी जॅक सावकाश सोडायचा.